मरण आणि न्याय डोळ्यांसमोर असताना पूर्ण मनाने ख्रिस्ती जीवन कसं जगायचं?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे इंदूरचे, पस्तिशीतले. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी), रविवारी उपासना, सगळं रीतसर. ऑफिसमधला त्यांच्याच वयाचा सहकारी हृदयविकाराने अचानक गेला आणि तेव्हापासून मरण व देवाचा न्याय डोक्यातून जात नाही. आपला विश्वास नावापुरताच आहे असं वाटतं. घरी पत्नी, मुलगी आणि आई आहे. पूर्ण मनाने जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय, आणि नोकरी सोडून सेवेत जावं का?

आधी एक गाठ सोडवू, नाहीतर पुढचं सगळं घाबरून केलेलं होईल आणि घाबरून केलेलं टिकत नाही. न्यायाबद्दल बायबलच्या नव्या करारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तारणाची, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटकेची. जे ख्रिस्तामध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही (रोमकरांस ८:१), आणि हे कृपेने आहे, कर्माने नाही (इफिसकरांस २:८-९). दुसरी हिशेबाची. आपल्या सगळ्यांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभं राहायचं आहे (२ करिंथकरांस ५:१०). प्रेषित पौलाने १ करिंथकरांस ३:१०-१५ मध्ये या दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पाया ख्रिस्त. त्यावर कोणी सोन्यारुप्याने बांधतो, कोणी गवतापेंढ्याने. अग्नी कामाची परीक्षा करतो. ज्याचं काम जळून जातं त्याचं नुकसान होतं, पण तो स्वतः वाचतो. हे दोन एकात कालवले की माणूस एकतर रोज रात्री 'माझं तारण झालंय ना?' हे तपासत बसतो, नाहीतर 'कृपा आहेच की' म्हणून सैल पडतो. सैल पडणाऱ्याने मत्तय ७:२१-२३ वाचावं, तपासत बसणाऱ्याने योहान १०:२८. आपण कोणत्या बाजूला झुकतो ते ओळखून औषध घ्यायचं. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही तपासणाऱ्यांतले दिसता.

आता रोजचं. स्तोत्र ९०:१२ मध्ये दिवस मोजायला शिकव अशी विनंती आहे, आणि मोजायचा दिवस हातातला एकच असतो. त्यासाठी चर्चच्या परंपरेत रोजचा दिवस तपासायची जुनी रीत आहे. १६व्या शतकात लोयोलाचा इग्नेशियस या कॅथलिक संताने तिला नीट आकार दिला आणि आज प्रॉटेस्टंट घरांतही ती चालते. रात्री दहा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवात उपकारस्तुतीने, आणि ती ठोस हवी: 'सगळ्याबद्दल धन्यवाद' नको, आज कोणी काय केलं ते नावानिशी. मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवायचा: घर, रस्ता, ऑफिस, जेवणाची सुट्टी, परत घर. कुठे खोटं बोललो, कुठे कोणाला कमी लेखलं, कुठे मदत करता आली असती आणि नजर फिरवली? सापडेल ते एका वाक्यात देवाला सांगायचं. शेवटी उद्याचं एकच काम ठरवायचं. बहुतेक लोक इथेच चुकतात. 'उद्यापासून प्रेमाने वागेन' हे काम नव्हे. 'सकाळी साडेदहाला अमुकला फोन करून ती फाइल मीच उशिरा दिली हे सांगेन' हे काम. आणि दहा मिनिटांवर थांबायचं. पाऊण तास उकरत बसलात तर ती स्वतःचीच पूजा होते.

वाचनाचं सोपं गणित आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवडे. शनिवार-रविवार चुकलेलं भरून काढायला. पूर्ण बायबल, म्हणजे ११८९ अध्याय, वर्षात संपवायचा संकल्प जानेवारीत फार जण करतात आणि जुन्या करारातलं लेवीय हे नियमांचं पुस्तक आलं की गाडी अडते. पहिलं वर्ष नव्या करारावर काढा, जोडीला रोज एक स्तोत्र. आपल्याकडे इंदुरात उपासना बहुतेक हिंदीत असते, पण तुम्ही घरी मराठी बोलत असाल तर प्रार्थना आणि वाचन मराठीतच ठेवा. आईसोबत मोठ्याने वाचता येईल, हा वेगळाच फायदा.

पश्चात्तापावर जरा रेंगाळतो, कारण कोमटपणा बहुधा इथे साचलेला असतो. मार्टिन लूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडे बघा (लूक १९). रडल्याचा तिथे उल्लेखही नाही, आकडे आहेत: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. तेव्हा कागद घेऊन दोन याद्या करा: ज्यांचं देणं आहे ते लोक, आणि ज्यांच्याशी बोलणं तुटलंय ते लोक.

देण्यात फक्त कर्ज धरू नका. घरकामाच्या ताईंचा पगार पाच-सात तारखेपर्यंत रेंगाळतो का? लेवीय १९:१३ मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवू देत नाही, आणि याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते. कर वाचवायला घरभाड्याच्या खोट्या पावत्या लावल्यात का? त्यालाही वाट आहे: अपडेटेड रिटर्न, म्हणजे त्या वर्षाचं विवरण दुरुस्त करून पुन्हा भरणं. त्या आर्थिक वर्षानंतरचं निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६०, मग ७०. उशीर जितका, तितकं महाग. तुमच्या बाबतीत ते लागू होतं का हे सीएला विचारा. तो वेड्यात काढेल, काढू दे. प्लॉटच्या व्यवहारात 'इतके पक्के, इतके कच्चे' (म्हणजे इतके चेकने, इतके हिशेबाबाहेर रोख) हे तर आपल्या शहरात चहा विचारावा तसं विचारतात. तिथे 'सगळे चेकनेच देईन' म्हटलं की सौदा मोडू शकतो किंवा महाग पडतो. पूर्ण मनाचा विश्वास हा असा महाग पडतो, आणि तो कोणाला दिसतही नाही.

तुटलेल्या बोलण्याबद्दल मत्तय ५:२३-२४ स्पष्ट आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर. माफी मागताना तीन गोष्टी सांभाळा. काय केलं ते नाव घेऊन सांगा. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हा 'तर' काढून टाका, त्याने सगळी माफी फुकट जाते. आणि कारणं देऊ नका, विचारलं तरच द्या. समोरच्याने लगेच माफ करावं ही अपेक्षा ठेवू नका, ते त्याचं आणि देवाचं. एक अपवाद मी आवर्जून सांगेन: तुमच्या कबुलीने तिसऱ्या कोणाचा संसार मोडणार असेल किंवा समोरचा माणूस हिंसक असेल, तर आधी पाद्रीसाहेबांशी एकांतात बोला. मन हलकं करण्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं टाकणं हा पश्चात्ताप नव्हे.

क्षमा देण्याबद्दल आपल्या भागातलंच उदाहरण आहे. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा भोसकून खून झाला. वय ४१. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन खुन्याला, समुंदर सिंहला, राखी बांधली. तो बदलला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात सिस्टर राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. खुनाच्या त्या दिवशी त्या नेहमीसारख्या बसमध्ये बसल्या होत्या. मरणाची तयारी म्हणून वेगळं काही चाललं नव्हतं, चालू होतं ते रोजचं काम.

मत्तय २५:३१-४६ मध्ये न्यायाच्या दिवशीची प्रश्नपत्रिका आधीच फोडून ठेवली आहे: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. सगळ्या सहा जणांच्या मागे लागू नका, एक निवडा आणि महिन्यातला एक वार पक्का करा. इंदुरात एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, निमाड, झाबुआ, धारहून पेशंट येतात. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांना कोणती खिडकी, कोणतं औषध, कोणती चिठ्ठी हेच कळत नाही. दोन तास नुसतं सोबत फिरलात तरी पुष्कळ. एकटे जाऊ नका, दोघे जा. पैसे हातात देण्यापेक्षा औषध किंवा जेवण द्या. आणि मदतीला काहीही चिकटवू नका: पत्रक नाही, 'रविवारी या' नाही, फोटो तर नाहीच. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरासाठीच्या प्रलोभनाची व्याख्या बरीच रुंद आहे, हे एक कारण. पण कायदा नसता तरी मत्तय ६:३ आहेच: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये.

आता मरणाचा कोरडा भाग. 'देव बघेल' म्हणून ख्रिस्ती घरांत तो राहून जातो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. पत्नी आणि मूल असेल तर पत्नीला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. अशा वेळी आईला काहीही मिळत नाही. पुन्हा वाचा: तुमच्या आईला काहीही मिळत नाही. तिची सोय तुमच्यावर असेल तर मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी), दोन साक्षीदारांनी सही करायची. ज्याला काही देताय तो किंवा त्याचा नवरा-बायको साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेलं रद्द होतं. लग्नाआधी केलेलं ख्रिस्ती माणसाचं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होतं, तेव्हा तेव्हाचा कागद असेल तर नवा करा. बँक आणि पीएफचं नामनिर्देशनही बघून घ्या, अनेकांच्या पीएफला अजून वडिलांचंच नाव असतं. एका कागदावर दफनविधीला कोणती गीतं, कोणता पाठ, एवढं लिहा आणि तो कुठे ठेवलाय ते पत्नीला सांगा.

हे सगळं कुठे फिसकटतं तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना, तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद. पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेने सुरू करा आणि तीन महिने वाढवू नका. उपास करायचा तर आधी एका जेवणाचा, त्या जेवणाचे पैसे बाजूला काढून द्यायचे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दुसरा घोळ म्हणजे चर्चमधली धावपळ: गायनमंडळ, कमिटी, नाताळचा कार्यक्रम. माणूस आठवड्यातले पाच दिवस चर्चमध्ये आणि घरी मुलीशी धड बोलत नाही. तिसरा, घरच्यांवर सक्ती. तुम्हाला जाग आली म्हणून पत्नीलाही त्याच दिवशी आली पाहिजे असं नाही. चौथा, एकट्याने करणं. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांचे नियम लिहिले, त्यात आठवड्याला भेटून एकमेकांना काय चुकलं ते विचारायची रीत आहे. तुम्हाला एक-दोन माणसं पुरेत, पुरुषांनी पुरुषांबरोबर, तासभर, आणि तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही या अटीवर.

तीच कबुली पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटत असेल, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर तो सगळा पवित्र आत्म्याचा दोषारोप समजू नका. सहकाऱ्याच्या मरणाचा धक्काही असतो. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा आहे. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

नोकरीचं: आत्ता सोडू नका. लूक ३:१०-१४ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला हाच प्रश्न विचारतात, आम्ही काय करावं? जकातदारांना तो नाका सोडा म्हणत नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना म्हणतो जुलूम करू नका, पगारात भागवा. पौलही १ करिंथकरांस ७:२० मध्ये जिथे बोलावणं आलं तिथेच राहायला सांगतो. कामच मुळात फसवणुकीचं असेल तर गोष्ट वेगळी. धक्क्यातून घेतलेला निर्णय आणि पाचारण (देवाचं बोलावणं) यांतला फरक कळायला वर्ष तरी जाऊ द्यावं. वर्षभर वरचं सगळं नोकरीत राहून करा. त्यानंतरही ओढ तशीच असेल, पत्नी मनापासून तयार असेल, कर्ज फिटलेलं असेल आणि मंडळीतल्या दोन-चार वडीलधाऱ्यांनाही तुमच्यात ते दिसत असेल, तर पाद्रीसाहेबांकडे जा. यातलं एक जरी नसेल तर पुन्हा थांबा.