युरोपात महिनाभर बाईक चालवल्यावर शेवटचे दिवस कसे जातात? त्यांचं नियोजन कसं करावं?

खरं सांगू? शेवटच्या दिवसांत गाडी आपण चालवत असतो, पण डोकं आधीच घरी पोचलेलं असतं. माझा घोळ त्यातूनच झाला.

म्युनिकमधून भाड्याने गाडी घेतली होती. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनियातली व्रशिच खिंड, क्रोएशियाचा किनारा, स्प्लिटहून बोटीने इटलीतलं आंकोना आणि तिथून वर उत्तरेकडे. २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे आणि तिथे युरोच चालतो, त्यामुळे एका व्हिसावर नि एका चलनावर सगळं निभावलं. हे चोवीस दिवस छानच गेले. गाडीला साधा ओरखडाही नव्हता.

पण मी इटलीतल्या आल्प्समधला स्टेल्व्हिओ शेवटासाठी राखून ठेवला होता. जेवणात गोड शेवटी ठेवतात ना, तसा. २,७५७ मीटर उंचीचा हा घाट ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ मध्ये बांधला. पायथ्याच्या प्राटो गावाच्या बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येक वळणाला नंबर आहे. खालून चढलं की ४८, ४७ असे आकडे कमी होत जातात. मी पलीकडच्या बोर्मिओ गावाकडून चढून या बाजूने उतरलो, म्हणजे माझे आकडे वाढत गेले. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून उजवं वळण आतल्या अंगाचं, एकदम आखूड आणि उताराचं. वरंधा, ताम्हिणी केलेल्यालाही ते हाताला पटकन बसत नाही.

एका उजव्या वळणावर खालून बस वर येत होती. मी जवळजवळ थांबलोच होतो. हँडल पूर्ण वळलेलं आणि बोटं आपसूक पुढच्या ब्रेकवर. सामानासकट गाडी उजवीकडे कलली ती कललीच. तिला हळूच जमिनीवर निजवली म्हणा हवं तर. पॅनिअर, म्हणजे बाजूला लावलेली सामानाची पेटी, खाली आल्यामुळे पाय अडकला नाही. खालून सायकल मारत येणाऱ्या दोघांनी सायकली कठड्याला टेकवल्या, एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने मागचं कॅरिअर, आणि गाडी उभी केली. ब्रेकच्या लिव्हरचं गोल टोक तुटलं होतं, आरसा लोंबत होता. तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? विमानात बॅग तेवीस किलोच्या वर जाईल का! ज्याने चोवीस दिवस समोरच्या वळणाखेरीज कशाचा विचार केला नाही, तो ऐन वळणात चॉकलेटांचं वजन करत होता.

म्हणून माझं मत असं, की अवघड घाट मधल्या दिवसांत उरकावेत. तेव्हा हात बसलेला असतो आणि घर लांब असतं. शेवटचे तीन दिवस सोपा रस्ता ठेवा, रोज दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. आणि गाडी परत देण्याच्या आदल्या दिवशी शहराच्या तासाभराच्या अंतरात मुक्कामाला या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, भाड्याची गाडी परत घेणारेही बहुतेक नसतात. माझं विमान सोमवारी होतं, म्हणजे गाडी शनिवारीच द्यायची होती. हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्यायला हवं होतं.

प्राटोहून म्युनिक अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत रेशेनच्या तलावात बुडालेल्या गावाचा चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. १९५० मध्ये धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. सगळे तिथे फोटो काढतात, मीही काढला. माझ्या फोटोत लोंबणारा आरसाही आलाय. पुढे ऑस्ट्रियात रॉइटेच्या भागात फिरणार असाल तर एक गोष्ट बघा: २०२० पासून तिथल्या काही रस्त्यांवर, उन्हाळ्याच्या मोसमात, इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या बाईकचा आवाज ९५ डेसिबलच्या वर नोंदलेला असेल तर तिला प्रवेश नाही. आकडा गाडीच्या कागदपत्रात असतो. भाड्याची गाडी निवडतानाच विचारून घ्या.

गाडी देताना टाकी फुल्ल करून पावती जपून ठेवा, आणि घेताना जसे चारी बाजूंनी फोटो काढले तसेच देतानाही काढा. लिव्हर आणि आरशाचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. चूक माझीच होती, तक्रार नाही.

एक राहिलं. तिकडे समोरून येणारा प्रत्येक बाईकवाला डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतो, आणि आपणही दाखवतो. शेवटच्या दिवशी, ऑटोबानला, म्हणजे जर्मनीतल्या महामार्गाला लागल्यावर, दुभाजकापलीकडून कोणी दिसेना तेव्हा ते फार जाणवलं. पुण्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि सोसायटीच्या गेटातून सरळ रस्त्याच्या उजव्या बाजूला लागलो. समोरून रिक्षा आली. मी हात दाखवला. त्यानेही दाखवला, पण दोन बोटं नव्हती. उलट्या बाजूने येणारा मी काही त्याला त्या दिवशीचा पहिला नसणार, कारण वेग त्याने अजिबात कमी केला नाही.