तीन रकाने

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

टिपण वाचलं. श्रद्धेची सत्ता, मुत्सद्देगिरीची सत्ता, आरमाराची सत्ता असे तीन रकाने पाडून प्रत्येकात घटना बसवल्यास. परीक्षेपुरतं चालेल. पण इ.स.पू. 480 ची, ग्रीकांनी इराणी आरमाराला हरवलेली सालामिसची लढाई बेधडक तिसऱ्या रकान्यात गेलेली पाहिली आणि मी थांबलो.

दोन-तीन वर्षं मागे जा. अथेन्सच्या मालकीच्या लॉरियमच्या खाणीत चांदी लागली होती. ती माणशी वाटून टाकायचा विचार चालला होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याने तो पैसा जहाजांकडे वळवला, तोही शेजारच्या एजिना बेटाशी असलेल्या वैराचं कारण पुढे करून. दूरच्या इराणी बादशहाच्या भीतीने हातातली चांदी कोण सोडणार?

मग हा बादशहा, झर्क्सीस, खरंच चालून आला. अथेन्सने डेल्फीच्या देवळात कौल मागितला, तर उत्तर मिळालं की लाकडी भिंत तेवढी टिकेल. काहींना वाटलं, ही शहरातल्या टेकडीवरच्या गडाची, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसचीच गोष्ट. ते फळ्या ठोकून वरच राहिले आणि मारले गेले. थेमिस्टोक्लीसने अर्थ लावला की लाकडी भिंत म्हणजे जहाजं, आणि तो बहुतेकांना पटला म्हणून शहर रिकामं झालं. कौल एकच होता. आता सांग, ही श्रद्धा म्हणायची की आरमार?

सगळ्यांत जास्त जहाजं अथेन्सची, तरी सेनापती स्पार्टाचा युरिबियाडीस. मित्रराज्यं अथेन्सच्या हाताखाली यायला तयार नव्हती, म्हणून अथेन्सने तो मान सोडला. ‘ज्याचं बळ त्याचा हुकूम’ हे तुझं वाक्य इथे अडतं. आणि ऐन वेळी थेमिस्टोक्लीसने आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या सिकिनसला गुपचूप शत्रूकडे धाडलं: ग्रीक पळायच्या बेतात आहेत. इराणी जहाजं रात्रभर वाटा अडवत फिरली आणि सकाळी अरुंद सामुद्रधुनीत शिरली. तिथे त्यांची मोठी संख्याच त्यांना नडली. झर्क्सीस किनाऱ्यावरून बघत होता.

वल्हेकऱ्यांबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, त्याचा मला जरा रागच आला. एका जहाजावर 170, तीन थरांत, एकाच्या डोक्यावर दुसरा. चिलखत घेण्याची ऐपत नसलेली गरीब माणसं त्यांत पुष्कळ होती. पुढे अथेन्सच्या सभेत याच लोकांचं वजन वाढलं. हे कोणत्या रकान्यात घालणार?

इटलीतल्या कानोसा किल्ल्याचंही तेच. 1077 च्या थंडीत तीन दिवस दाराशी ताटकळलेला जर्मन राजा चौथा हेन्री तू हरलेला दाखवलास. पण पश्चात्ताप करणाऱ्याला नाकारणं पोपलाच जड गेलं. पोपने त्याच्यावर घातलेला धर्मबहिष्कार उठला. 1084 मध्ये हाच हेन्री सैन्य घेऊन रोममध्ये होता.

टिपण फाडू नकोस, रकान्यांच्या रेघा तेवढ्या खोडून पुन्हा लिही. थेमिस्टोक्लीसला पुढे अथेन्सने हद्दपार केलं आणि अखेर तो इराणच्या बादशहाच्या आश्रयाला गेला. बादशहाने त्याला आशिया मायनरमधल्या मॅग्नेशिया शहराचा कारभार दिला. का दिला असेल, यावर तुझं पानभर उत्तर हवं आहे.

तुझा,
काका