एकाच मशीनवर अनेक सर्व्हर?

प्रश्न : सर, घरी १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप आहे, उबंटू लिनक्स टाकलंय. त्याच्यावरच गावातल्या वाचनालयाच्या यादीसाठी एक, शिकायला एक, असे वेगवेगळे सर्व्हर करता येतील काय ओ? – एक वाचक, खानापूर

उत्तर : येतील की! पहिलं बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीन चालवायची सोय, चालू करा, इंटेलला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीला एएमडी-व्ही. मग ही आभासी मशीन चालवणारं केव्हीएम वापरा, ते २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, वेगळं विकत काय घ्यायचं नाही. सोबत क्यूईएमयू, लिबव्हर्ट आणि व्हर्ट-मॅनेजर हे जोडीचे प्रोग्राम टाकले की माऊसनंच आभासी मशीन तयार करता येतं, पण कमांडची सवय लावून घ्या, पुढं लई उपयोग होतो. होस्टला, म्हणजे मूळ डेस्कटॉपला, ४ जीबी रॅम राखून ठेवा, प्रत्येक सर्व्हरला २ जीबी सुरुवातीला बास.

आता सगळे अडकतात ते नेटवर्कात. लिबव्हर्ट आपोआप १९२.१६८.१२२ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांचं आतलं नेटवर्क देतं, त्यातून सर्व्हर बाहेर इंटरनेटवर जातो पण घरातला दुसरा कॉम्प्युटर सरळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला ब्रिज, म्हणजे सर्व्हरला घरच्या नेटवर्कशी सरळ जोडणारा पूल, करावा लागतो, आणि वायफायवर ब्रिज बहुतेक चालतच नाही, तेव्हा राउटरपासून केबलच ओढा. गावाबाहेरून उघडायचं असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून पोचता येणारा इंटरनेट पत्ता) मिळतो का ते आधी इंटरनेटवाल्याला विचारा, आणि एसएसएचला (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीला) 'की' म्हणजे डिजिटल किल्ली लावून पासवर्ड लॉगिन बंद करा, हे टाळू नकाच.

पावसाळ्यात लाईट जाते ना तिकडं, मग यूपीएस पाहिजेच. स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या घडीची जतन केलेली स्थिती) सहसा त्याच डिस्कवर असतो, म्हणून यादीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर वेगळा घ्या.