केळी नव्हे, गर मोजा

प्रश्न : ताई, गणपतीत आमच्याकडे दर्शनाला येणारा जो तो केळ्यांची फणी घेऊन येतो. विसर्जनानंतर चार फण्या उरल्या आणि दोन दिवसांत काळ्या पडल्या. मुलांसाठी कुकरमध्ये केक केला : सहा केळी, दोन वाट्या मैदा, वाटीभर साखर, अर्धी वाटी तेल, दोन चमचे सोडा. छान फुगला, पण बाहेर काढल्यावर मध्ये खचला. खाली बोटभर गिच्च थर राहिला आणि घासागणिक सोडा लागला. कुठे चुकलं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : केळी कोणती होती ते तुम्ही लिहिलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. वेलची केळं सोललं की माझ्या काट्यावर 40-50 ग्रॅम भरतं. बाजारातलं लांब, मोठं केळं 110-120. म्हणजे सहा वेलची केळ्यांचा गर पाव किलोच्या आसपास, आणि सहा मोठ्या केळ्यांचा सातशे ग्रॅमच्या घरात! केळ्यात चारातले तीन हिस्से पाणीच असतं. तुमचा गिच्च थर म्हणजे मैद्याला न पेललेलं ते पाणी. म्हणून केळी कुस्करा आणि गर मापाने घ्या.

सोडाही फार झाला. त्याला आंबट काही भेटलं तरच तो पुरता कामी येतो, आणि पिकल्या केळ्यात आंबटपणा बेताचाच. उरलेला सोडा जिभेला कळतो. शिवाय केक आतून धरायच्या आधीच फुगून फुगून बसतो.

माझं माप 240 मिलीच्या कपाचं आहे. दीड कप मैदा, एक कप गर, पाऊण कप साखर, पाव कप दही, तेल पाव कपाहून जरासं जास्त, अर्धा छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि जायफळ. कोरडं सगळं एकत्र चाळा. ओलं वेगळं फेटा, हवं तेवढं फेटा. पण मैदा पडला की कालथ्याने दहा-बारा वेळा खालवर करून थांबा. मैद्याच्या बारीक गुठळ्या दिसल्या तरी चालतील. घोटत बसलात तर केक चिवट होतो.

माझी आई तवशाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करायची तेव्हा टोपाच्या तळाशी केळीचं पान घालायची आणि झाकणावर निखारे ठेवायची. पान मी केकच्या डब्यातही घालते. विस्तवावर फिरवून मऊ करायचं, तेलाचा हात लावायचा. केक अलगद सुटतो आणि खालच्या बाजूला पानाचा वास उतरतो. निखारे मात्र कुकरवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे वरची बाजू फिकटच राहते. रंग यावा म्हणून आच वाढवू नका, तळ जळेल.

कुकरचं रबर आणि शिट्टी काढा. पाणी अजिबात नको. तळाला बोटभर जाड मीठ, त्यावर जाळी, आणि दहा मिनिटं रिकामा तापवा. मग सात इंची डबा ठेवून मंद आचेवर 45-50 मिनिटं. पहिली 40 मिनिटं झाकण उघडायचं नाही. मध्यभागी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. ओव्हन असेल तर 180 अंशांवर 40 मिनिटांनी बघायला लागा.

साल काळी पडली म्हणून केळं वाया गेलं असं नाही. पिकताना त्यातल्या पिठाची साखर होते, केकला तीच हवी असते. पण देठाशी बुरशी दिसली, किंवा गराला पाणी सुटून आंबूस, दारूसारखा वास आला, तर सरळ माडाच्या मुळात टाका. चांगल्या केळ्यांचा उरलेला गर एकेक कप मोजून डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या केकला तो पूर्ण वितळू द्या आणि सुटलेल्या पाण्यासकट वापरा, कारण माप त्या पाण्यासकटच धरलेलं आहे.