मुक्काम हलवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा जपानच्या सहलीचा तक्ता मिळाला. चौदा दिवस, नऊ गावं, प्रत्येक गावाला वेगळा रंग. तोक्यो पिवळं, हाकोने हिरवं, कानाझावा निळं. अगदी तळाला एक ओळ आहे, ‘जॅपनीज प्रॅक्टिस, रोज’. तिला रंग नाही आणि वेळही दिलेली नाही. वर मलाच विचारतेस, "सेन्सेई, फिरणं आणि बोलणं दोन्ही कसं बसवू?"

नाही बसत. मुक्काम हलवू नकोस. खरं तर पत्र इथेच संपायला हवं, पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस.

डिसेंबरात एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी, झालीस, पेढे खाल्ले, आनंद आहे. पण त्या परीक्षेत तोंड उघडावं लागत नाही, पर्याय निवडून गोळे काळे करायचे असतात. गेल्या महिन्यात वर्गात आलेल्या जपानी बाईंनी तुला जेवलीस का एवढंच विचारलं आणि तू माझ्याकडे बघत राहिलीस. नंतर जिन्यात रडत होतीस, तेही पाहिलं. म्हणून लिहितोय. नाहीतर सहलीचे तक्ते तपासायचा मला कंटाळा आहे.

मी पहिल्यांदा गेलो 1997 साली. बारा दिवस, सात गावं, फोटोंचे अकरा रोल. सुमिमासेन, इकुरा देसु का, तोइरे वा दोको देसु का. म्हणजे माफ करा, केवढ्याला, संडास कुठे आहे. बारा दिवसांत ही तीन वाक्यं मी अतिशय शुद्ध बोललो. क्योतोत एका दुपारी पाऊस आला म्हणून एका तोफूच्या दुकानाच्या वळचणीला उभे राहिलो. आतून म्हातारा आला, बसा म्हणाला, पावसाबद्दल काहीतरी सांगायला लागला. निम्मं कळत होतं, निम्मं कळेल असं वाटत होतं. तेवढ्यात सोबतच्या मित्राने घड्याळ दाखवलं, आणि आम्ही उठलो. म्हाताऱ्याने चहासाठी किटली हातात घेतली होती. त्या गाडीने आम्ही कुठे गेलो, मला आज आठवत नाही.

दुसऱ्यांदा गेलो 2006 साली, तीन आठवडे, फक्त ओकायामाला. ओकायामाच का? सिंहगड रस्त्यावरच्या ज्या बागेत तू मैत्रिणींबरोबर फोटो काढतेस, ती तिथल्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे. मूळ बाग 1700 साली पुरी झाली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. शेजारी नदीपलीकडे काळाकुट्ट किल्ला आहे, त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. तो 1945 च्या बाँबहल्ल्यात जळला, आत्ताचा 1966 सालचा. हे सगळं बघायला एक दिवस पुरतो. मग उरलेले वीस दिवस काय करायचं, हाच प्रश्न पडायला हवा. तो पडला की भाषा सुरू होते.

माझं उदोनच्या, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांच्या, एका छोट्या दुकानात सुरू झालं. मी शाकाहारी. पहिल्या दिवशी ‘निकु नाशि’ म्हणालो. मांस नव्हतं, पण वर सुक्या बोनितोचे कागदासारखे काप थरथरत होते. दुसऱ्या दिवशी मासेही नकोत म्हणालो. काप गेले, रस्सा तोच, कारण दाशि, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, त्याच माशाचं. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनीच विचारलं, तुम्ही नेमकं काय खाता? मी पाऊण तास उत्तर देत होतो. देव, एकादशी, आई, सगळं सांगितलं. विभक्ती चुकल्या, क्रियापदं चुकली. सहाव्या दिवशी त्यांनी नुसत्या कोम्बूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा रस्सा करून ठेवला आणि मी गेल्यावर आत ओरडल्या, "भारतवाले आले!" पहिल्याच दिवशी गाव सोडलं असतं तर मी जन्मभर जपानी जेवणाला नावं ठेवली असती.

त्याच बाईंनी मला ऐकायला शिकवलं. मी पाठ्यपुस्तकासारखा शांत बसून ऐकायचो, आणि त्या मध्येच थांबायच्या. कळतंय ना? चौथ्यांदा विचारल्यावर माझी ट्यूब पेटली. मी हुंकारच देत नव्हतो! आजी गोष्ट सांगताना आपण ‘हूं’ म्हणतो ना, तेच. तो दिला नाही तर आजी गोष्ट थांबवते. जपानीत त्याला आइझुची म्हणतात. शब्दातला ‘झुची’ म्हणजे हातोडा. लोहार घाव घालतो, समोरचा त्याच्या तालात दुसरा घालतो. एए, हाइ, सो देसु ने, नारुहोदो. मी हे वर्गात दरवर्षी शिकवतो, तुम्ही वहीत उतरवून घेता. उतरवून काय होणार? ताल अंगात यायला समोर रोज तोच लोहार लागतो. नऊ गावांत नऊ लोहार, प्रत्येकाचा एकच घाव.

आणि ‘निहोन्गो जोओझु देसु ने’, म्हणजे ‘जपानी छान येतं हं’, ऐकून हुरळू नकोस. ‘कोन्निचिवा’ म्हटलं तरी म्हणतात. ती आपल्याकडच्या "अरे वा, मराठी येतं!" सारखी पाहुण्याची खातिरदारी आहे. चौथ्या दिवशी ते जोओझु म्हणायचं विसरतील आणि छत्री कुठे विसरलीस म्हणून रागावतील. आजूबाजूला देएरे, देएरे ऐकू येईल. म्हणजे ‘खूप’, तिथली बोली, पुस्तकात नाही. फोनवरचं भाषांतर काढून टाक. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

आता आईचं म्हणणं. इतके पैसे घालायचे तर सगळं बघून यावं. मी आईंना दोष देत नाही, पैसे वसूल हा आपल्या घराघरातला धर्म आहे. पण हिशेबच करायचा तर नीट करू. तू तक्त्यात सात दिवसांचा रेल्वे पास धरलास. तो 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 येनवरून 50,000 वर गेला. तोक्यो ते क्योतो एका बाजूचं भाडं साधारण 14,000. कर गुणाकार. तोक्योऐवजी ओसाकाला उतर. शिन-ओसाकाहून ओकायामा पाऊण तासाच्या आसपास. पुढे कुराशिकी वीस मिनिटांच्या आत, पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं, मधून कालवा. बिझेनला जा, लाकडाच्या भट्टीत भाजलेली बिनझिलईची मातीची भांडी बघ. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. फिरायला मी नाही म्हणत नाही. मुक्काम हलवू नकोस म्हणतो.

तू म्हणशील, सेन्सेईंना काय, ते आहेतच असे. हो, आहे. तीस वर्षं जपानी शिकवतो आणि फूजी नीट पाहिलेला नाही. तोक्योहून निघताना उजव्या खिडकीला बसलो होतो, पण ढग होते. मित्र हसतात. हसू देत. पुण्यातल्या एका कंपनीने चौपट पगारावर दुभाष्या म्हणून बोलावलं होतं, मी गेलो नाही. वर्ग, तोच फळा, तोच जिना. बायकोचं मत असं की हा निश्चय वगैरे काही नव्हता, मला मुलाखतीची भीती वाटली. असेल थोडीशी. पण त्याच फळ्यासमोर बसलेली मुलं आज तिथे बैठका चालवतात, हेही तिने मोजावं. असो. हे तुझ्या सहलीत कुठून आलं कळत नाही.

नवा तक्ता पाठव. पत्ता एकच हवा. आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी सकाळी फोन लावून दे, मी बोलतो.

तुझा,
सेन्सेई

ता.क. पत्र बायकोने वाचलं. म्हणते, पोरीला एक दिवस तरी क्योतो बघू दे, जन्मात पहिल्यांदा चाललीये. बरं, बघ. शिंकान्सेनने तासाभराचा प्रश्न आहे. रात्री झोपायला मात्र ओकायामालाच ये.