अमेरिकेत शाळेच्या आवारात बंदुकांना परवानगी असावी का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या शाळांच्या आवारात बंदुका नेऊ द्याव्यात का, आणि शिक्षकांकडेच पिस्तूल असेल तर मुलं जास्त सुरक्षित राहतील का. माझी दोन्ही मुलं टेक्सासमध्ये सरकारी शाळेत जातात. त्यामुळे ताकाला जाऊन भांडं लपवत नाही: माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि शिक्षकांच्या बाबतीत तर ठामपणे नाही.

इथे कुणीही उठून बंदूक घेऊन शाळेत जाऊ शकतो, असा भारतात अनेकांचा समज असतो. तसं नाही. १९९० च्या केंद्रीय कायद्याने शाळेत आणि तिच्याभोवती १००० फुटांपर्यंत बंदूक बाळगायला बंदी घातली. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, मग काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, दुरुस्त करून परत आणला. पण राज्याचा परवाना असलेल्यांना आणि शाळेने नेमलेल्या सुरक्षारक्षकांना त्यात सूट आहे, आणि खरा वाद त्या सुटीतूनच सुरू होतो. टेक्सासमध्ये शाळेने लेखी परवानगी दिली की शिक्षक बंदूक जवळ ठेवू शकतो. ओहायोत तर अशा शिक्षकाला पूर्वी ७०० तासांहून जास्त प्रशिक्षण लागायचं, २०२२ च्या कायद्याने ते २४ तासांवर आणलं.

शिक्षकांकडे बंदूक असावी म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं. टेक्सासमधल्या हॅरल्डसारख्या चिमुकल्या गावात शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाची, गाडी पोचायलाच बराच वेळ जातो. तिथल्या लोकांनी शाळेतल्या काही निवडक माणसांना शस्त्र दिलं, तर त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण हा अपवाद झाला. त्यावरून नियम करू नये.

कारण शस्त्र हजर असणं आणि ते वेळेवर, योग्य माणसावर चालणं यांत फार अंतर आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचे जीव गेले, तेव्हा शाळेचा सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला होता. त्याच वर्षी टेक्सासमध्ये सांता फे हायस्कूलमध्ये सशस्त्र पोलीस होते, त्यांतला एक स्वतःच गंभीर जखमी झाला आणि १० जण मारले गेले. आणि २४ मे २०२२ चा टेक्सासमधल्याच युवाल्डी गावातल्या शाळेवरचा हल्ला. १९ मुलं, २ शिक्षिका. शाळेवर पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले आणि हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटं गेली. त्या आठवड्यात मुलांना शाळेत सोडून परत निघताना मला गाडी सुरू करवत नव्हती.

ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांचंही बघा. रँड या संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांचा अभ्यास केला होता. समोरून गोळ्या येत असताना त्यांच्या १०० पैकी साधारण १८ गोळ्या निशाण्यावर लागत होत्या. मग २४ तास शिकलेल्या, गणित शिकवणाऱ्या बाईंकडून आपण काय अपेक्षा करायची? माझ्या धाकट्या मुलीच्या वर्गात लॉकडाऊनचा, म्हणजे हल्लेखोर शिरला तर वर्गातच लपून बसण्याचा, सराव होतो तेव्हा टीचर दार लावतात, दिवे घालवतात आणि दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीला सगळ्यांना चिकटून बसवतात. कुणी हुंदका दिला तर त्याला जवळ घेतात. हे काम त्यांनी सोडायचं आणि पिस्तूल घेऊन व्हरांड्यात जायचं? आणि आत धावून आलेल्या पोलिसाला हातात पिस्तूल घेतलेली ही व्यक्ती टीचर आहे हे कसं कळायचं?

आणि एवढी चर्चा शाळेच्या दाराशी होते, पण पुष्कळदा बंदूक निघालेली असते घरातून. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिस या सरकारी यंत्रणेने २०१९ मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अहवाल काढला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. सांता फेच्या हल्लेखोर मुलाने वडिलांच्या बंदुका नेल्या. टेक्सासमध्ये मुलाच्या हाती बंदूक लागू देणं हा गुन्हा आहे खरा, पण कायद्याच्या लेखी मूल म्हणजे १७ वर्षांखालचं. हा मुलगा १७ चा होता. आईवडिलांवर फौजदारी कारवाई झाली नाही, आणि २०२४ मध्ये दिवाणी खटल्यातही ज्यूरीने त्यांना जबाबदार धरलं नाही.

मिशिगनमध्ये उलट झालं. ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ मध्ये १५ वर्षांच्या मुलाने चौघा विद्यार्थ्यांना मारलं. वडिलांनी पिस्तूल विकत घेतलं होतं चारच दिवस आधी. त्या सकाळी मुलाने काढलेलं भयंकर चित्र दाखवायला शाळेने आईवडिलांना बोलावलं, पण त्यांनी त्याला घरी नेलं नाही, आणि त्याचं दप्तरही कुणी उघडलं नाही. दोघांनाही २०२४ मध्ये १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मला ती योग्य वाटते.

युवाल्डीच्या हल्लेखोराने मात्र १८ पूर्ण होताच रायफल रीतसर दुकानातून घेतली. तिथे घरातलं कुलूप कामाचं नव्हतं. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने रायफल विकत घेण्याचं वय २१ केलं, टेक्सासने केलं नाही. माझा मताचा हक्क अजून भारतात आहे, पण इथल्या पालकसभेत मी हे दर वेळी बोलते.

मुलीला मैत्रिणीकडे खेळायला पाठवण्याआधी मी विचारते: घरात बंदूक आहे का, आणि कशी ठेवता? आपल्या लोकांना हे विचारायला फार संकोच वाटतो. पण घरात कुत्रा आहे का, पोहायचा तलाव आहे का, हे आपण विचारतोच की. एका शेजारणीच्या घरी सगळेच शिकारी. तिने मला सरळ गॅरेजमध्ये नेलं आणि दाखवलं: बंदुका लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या पेटीत, दोन्हींची कुलपं वेगळी. आजवर कुणी माझ्यावर रागावलेलं नाही. तुमच्या ओळखीचं कुणी मुलांना घेऊन इकडे येणार असेल, तर त्यांना हे विचारायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावायला सांगा.