निम्मी वीजक्षमता कोळशाशिवायची झाली, मग सरकार कोळसा का सोडत नाही?

कारण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. 2025 मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून सौर, पवन, जल, अणू अशी झाली हे खरंच आहे, पण वर्षभरात वापरलेल्या युनिटांपैकी साधारण 70 टक्के अजून कोळशातूनच येतात. सौर पॅनेल संध्याकाळी सातला काही देत नाही, आणि नेमकी तेव्हाच घराघरांत मागणी चढते.

आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीतलंच बघा. फौंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी रात्रपाळीतही चालते. लोखंड वितळत असताना वीज गेली आणि रस भट्टीतच थिजला, तर आतलं अस्तरही वाया. अशा ग्राहकाला ‘ढग आले, थांबा’ सांगता येत नाही. मोठ्या प्रमाणावर साठवण, म्हणजे बॅटरी आणि पंप्ड स्टोरेज (जादा विजेवर पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची), उभी होईपर्यंत धोरणात कोळसा राहणारच. नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून हिशेब शून्यावर आणायचं, वर्ष 2070 ठेवलंय ते उगीच नाही.

साखर कारखान्यांच्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, वीज चांगली आहे, पण मुख्यतः गाळप हंगामापुरती.

तेलाचं दुखणं निराळं. कच्चं तेल 85 टक्क्यांहून जास्त आयात, म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलवर एवढा जोर. त्यातही डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंधनं आली. डिस्टिलरीवर कर्ज काढून बसलेले कारखाने हवालदिल झाले. माझ्या मते कोळशापेक्षा हा धरसोडपणा जास्त महागात पडतो.